दुपारी बाबा कुणाबरोबर होते

भांडण सुरू झालं ते पार्कमधल्या कारंज्याजवळ, दुपारचं जेवण झाल्या झाल्या. खरं तर आदल्या संध्याकाळी हॉटेलात सामान टाकलं तेव्हाच ते सुरू झालं होतं. कारंज्याजवळ फक्त आवाज चढले.

"आता सगळ्यांनी खोलीवर जायचं," ताई म्हणाली. "हातपाय धुवायचे, पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं. उन्हं उतरली की परत येऊ. ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय," धाकटी म्हणाली. चाळिशी जवळ आली तरी तिला घरात सगळे छोटीच म्हणायचे. "अगं, झोपायला घर आहे की! एवढ्या लांब येऊन कुणी झोपतं का? आत्ता लोक जेवायला बसलेत, रांगा अर्ध्या झाल्यात. हीच तर वेळ आहे."

"संध्याकाळी पोरं किरकिर करायला लागली की मग माझ्याकडे बघू नकोस."

"माझी पोर किरकिर करत नाही."

छोटीची पोर, भिंगरी, अकरा वर्षांची होती. ती खरंच किरकिर करत नव्हती. कठड्यावर बसून बुटात गेलेला खडा काढत होती आणि आई आणि मावशी यांच्याकडे टेनिसची मॅच बघावी तशी आळीपाळीने बघत होती.

ताई पाळणाघर चालवायची. राहत्या घराच्याच तळमजल्यावर. पोरांची जेवणं आटोपली की ती गाद्या एकीला एक लावून घालायची, दिवे मालवायची, आणि घर डोक्यावर घेणारी ती सगळी सेना बघता बघता गार व्हायची. एखादं पोर झोपलं नाही तर संध्याकाळी ते कसं चावतं, कसं जिन्यावर धडपडतं, चमचा हातातून पडला म्हणून कसं हमसून हमसून रडतं, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं, की दुपारची झोप हवी की नको हा तिच्या लेखी वादाचा विषयच नव्हता. छोटीचं नेमकं उलटं. ती एका कुरियर कंपनीत गाड्या सोडायचं काम करायची. एखादी गाडी जागेवर उभी दिसली की तिला चैन पडायची नाही.

ताईचा नवरा या वादात पडला नाही. टिल्लूला, म्हणजे त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला, खांद्यावर घेऊन तो सावली शोधत उभा राहिला होता.

आणि मध्ये बाबा. दोघी लेकींच्या मधोमध, टोपी हातात घेऊन. जन्मभर त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून ते ताईकडे राहत. छोटी अधूनमधून वादळासारखी यायची, त्यांना कुठेतरी फिरवून आणायची आणि परत पोचवायची. ही सहलसुद्धा तिचीच कल्पना.

"बाबा, तुम्ही चला माझ्याबरोबर. ऊन बघा काय आहे," ताई म्हणाली.

"बाबा थांबतील. हो ना, बाबा? तुम्हाला ते पाण्यातलं जहाज बघायचं होतं ना?" छोटी म्हणाली.

"तुमचं आधी ठरू दे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात ढोल वाजवत पार्कची मिरवणूक आली. मोठमोठ्या डोक्यांचे ससे, अस्वलं, उंच काठ्यांवर चालणारी माणसं. गर्दी रस्त्याच्या कडेला सरकली, टिल्लू अस्वलाला घाबरून रडायला लागला, नवरा त्याला घेऊन बाजूला झाला. ताई त्याच्या मागे निघाली तेव्हा बाबा गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "मी थांबतो जरा छोटीजवळ. तिलाही बरं वाटेल. तू जा, पोराला झोपव."

ताईला ते लागलं. पण ढोलांच्या आवाजात रुसायलाही जमेना. "टोपी काढू नका. पाणी पीत राहा," एवढंच ती म्हणाली.

हॉटेलच्या बसमध्ये नवऱ्याने दोनदा मान टाकली आणि दोनदा सावरली. खोलीत शिरल्यावर मात्र सावरायचं काही कारण उरलं नाही. बूट काढले, पाठ टेकली आणि तो गेला. दिव्याचं बटण दाबावं तसा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ताईला याचा राग यायचा, आणि हेवाही वाटायचा.

टिल्लू झोपेना. पाळणाघरातली वीस पोरं निजवणाऱ्या बाईचा स्वतःचा मुलगा पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर उड्या मारत होता. तिने पडदे ओढले तर तो पडद्यामागे गेला. तिने गोष्ट सांगितली तर त्याला त्यातल्या सशाची भीती वाटायला लागली, मघाशी मिरवणुकीत मोठा ससा बघितला होता ना. शेवटी तिने त्याला कुशीत दाबून धरलं आणि पाठीवर थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने त्याचे हातपाय सैल पडले.

आता खोलीत सगळं हवं तसं होतं. अंधार, एसीची घरघर, दोन माणसं झोपलेली. ताईही आडवी झाली. डोळे मिटले. उघडले. कूस बदलली. उशी उंच वाटली, मग नसलेली बरी वाटेना. भिंतीपलीकडे कुणीतरी बाथरूमचा नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. छताला एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. तो बघायचा नाही असं ठरवलं की तोच दिसायचा.

ती उठून बसली. तिच्या लक्षात आलं, की दुपारी आपण कधीच झोपत नाही. पोरं झोपली की ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि बघत राहायची. कुणाचं पांघरूण सरकलं, कुणाचं नाक चोंदलं. दुपारी झोपायचं कसं ते तिच्या अंगाला ठाऊकच नव्हतं.

मग तिला बाबांची दुपारची गोळी आठवली. रक्तदाबाची. ती तर तिच्याच पर्समध्ये! छोटीच्या नादात त्यांना आठवली तरी असेल का? आणि आठवली तरी घेणार कशी, डबीच इथे. ती बाथरूममध्ये गेली, दार लोटलं आणि बाबांना फोन लावला.

फोन खोलीतच वाजायला लागला.

क्षणभर तिला काही कळेना. मग ती धावत बाहेर आली. आवाज तिच्या पर्समधून येत होता. टिल्लूने डोळे न उघडता गळा काढला. तिने पर्स पलंगावर पालथी केली. टिश्यूचा गठ्ठा, क्रीमची बाटली, गोळ्यांची डबी, आणि त्या सगळ्यावर थरथरणारा बाबांचा फोन. तिने तो ठेवला नव्हता. म्हणजे त्यांनीच ठेवला होता, केव्हातरी, तिच्या नकळत.

तिने छोटीला फोन लावला. मागे किंकाळ्या आणि पाण्याचा धबधबा ऐकू येत होता.

"काय गं? झोपली नाहीस?" छोटी ओरडून म्हणाली.

"बाबांना दे जरा."

"काय?"

"बाबांना फोन दे! त्यांची गोळी राहिलीय."

पलीकडचा पाण्याचा आवाज जरा लांब गेला.

"बाबा?" छोटी म्हणाली. "ते तुझ्याबरोबर गेले ना?"

ताईने बाबांचा फोन पलंगावरून उचलला. "मला म्हणाले, छोटीजवळ थांबतो."

"मला म्हणाले, ताईला वाईट वाटेल, मी तिच्याबरोबर जातो. मिरवणुकीच्या वेळी. अगं ताई, त्याला किती वेळ झाला!"

ताईने नवऱ्याला हलवलं. तो उठून बसला, पण जागा झाला नव्हता. "बाबा हरवलेत. टिल्लूकडे बघ. मी जाते," तिने त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी ते त्याच्या डोक्यात शिरलं आणि तो म्हणाला, "मी जातो, तू थांब." पण तोवर ती गोळ्यांची डबी मुठीत घेऊन, चपला अडकवून लिफ्टपाशी पोचली होती.

बस यायला वेळ होता, म्हणून ती चालत निघाली. मग बस तिच्या शेजारून गेली. ती पळाली, पण बस काही थांबली नाही. रस्ता पांढराफटक तापला होता. तिच्या डोळ्यांपुढे बाबा येत होते. कुठल्याशा बाकावर कलंडलेले, टोपी खाली पडलेली, आणि येणारे-जाणारे समजतायत म्हातारा झोपलाय. आई गेली ती अशीच भर दुपारी. तेव्हा ताई पाळणाघरात पोरांना निजवत होती आणि फोन वाजू नये म्हणून तिने त्याचा आवाज बंद करून ठेवला होता.

फाटकावर मनगटावरचा शिक्का दाखवायला सांगितलं. घामाने तो पुसट झाला होता. "माझे वडील आत हरवलेत हो," ती म्हणाली तेव्हा फाटकावरच्या माणसाने शिक्का न बघताच तिला आत सोडलं.

छोटी आणि भिंगरी चौकशी कचेरीसमोर उभ्या होत्या. दोघी नखशिखांत भिजलेल्या.

"तू बघायचं नाहीस मागे वळून?" ताई पोचता पोचताच म्हणाली.

"आणि तू? बसमध्ये चढताना माणसं मोजली नाहीस? पोरं मोजतेस ना रोज?"

"मला ते सांगून गेले होते!"

"मलाही सांगूनच गेले होते!"

"मावशी, आई," भिंगरी म्हणाली, "ते काका विचारतायत काहीतरी."

खिडकीतला माणूस विचारत होता, की आजोबांनी काय घातलंय.

"बदामी शर्ट," ताई म्हणाली. सकाळी तिनेच तो काढून पलंगावर ठेवला होता.

"नाही, निळा टी-शर्ट," छोटी म्हणाली. "मी आणलेला. पुढे होडीचं चित्र आहे."

"मी शर्ट काढून दिला होता त्यांना."

"आणि मी म्हटलं, आज टी-शर्ट घाला, तर म्हणाले बरं."

माणसाने पेन थांबवलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सकाळपासून बाबा त्यांच्यामध्येच चालत होते. दोघींनी त्यांना पाणी दिलं होतं, टोपी घातली होती, पायरीवर हात धरला होता. आणि त्यांच्या अंगावर काय होतं हे दोघींपैकी एकीलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

"निळा टी-शर्ट. वरून बदामी शर्ट, बटणं उघडी," भिंगरी म्हणाली. "दोन्ही घातलेत त्यांनी."

माणसाने वायरलेसवर वर्णन सांगितलं. मोठ्या माणसांसाठी लाउडस्पीकरवर पुकारा करत नाही, म्हणाला. तुम्ही इथेच थांबा. पण ताईला एका जागी थांबवेना आणि छोटीला तर ते जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी प्रथमोपचाराची खोली बघितली. तिथे एक बाई पाय वर करून पडली होती आणि तिचा नवरा तिला कागदाने वारा घालत होता. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून छोटीने "बाबा!" अशी हाक मारली, तर आतून तीन वेगवेगळ्या आवाजांत ओ आली आणि एकही त्यांचा नव्हता. सावलीतले बाक बघितले. किती माणसं झोपली होती त्या बाकांवर! बापे पोरांच्या बॅगा उशाशी घेऊन, आया ढकलगाडीच्या दांड्यावर हात ठेवून, म्हातारी माणसं हनुवटी छातीला टेकवून. ताई प्रत्येक टोपीखाली वाकून बघत होती. एक गृहस्थ दचकून जागे झाले आणि रागावले.

"असं नाही सापडायचे," ती म्हणाली. "उंचावरून बघायला हवं."

पार्कच्या टोकाला आकाशपाळणा होता. मोठा, संथ, काचेच्या बंद डब्यांचा. तिथून सगळं पार्क दिसतं असं सकाळी बाबाच म्हणाले होते. ती तरातरा तिकडे निघाली. मागून छोटी आणि तिच्यामागे लंगडत भिंगरी. खडा तिच्या बुटात अजून होताच.

आकाशपाळण्यापाशी चिटपाखरू नव्हतं. एवढ्या उन्हात काचेच्या डब्यात कोण बसणार? पिवळ्या टोपीतली एक तरुण मुलगी यंत्राच्या कठड्याशी उभी होती.

"मला एकदा वर जाऊ दे," ताई धापा टाकत म्हणाली. "वडील हरवलेत माझे. वरून दिसतात का बघते. निळा टी-शर्ट, त्याच्यावर—"

"बदामी शर्ट?" मुलगी म्हणाली. "ते आजोबा? ते वरच आहेत."

"वर म्हणजे?"

मुलीने बोट दाखवलं. वरून तिसऱ्या डब्याच्या काचेला आतून एक टोपी टेकलेली दिसत होती.

"केव्हापासून?" छोटीने विचारलं.

"बराच वेळ झाला. म्हणाले, मी क्रेनवाला आहे, मला उंचावर चक्कर येत नाही, मला बसू दे. रांग नव्हती, मग म्हटलं बसा. आत एसी आहे. दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला झोपले."

"झोपले की बेशुद्ध आहेत?" ताई ओरडलीच. "तू बघितलंस का? म्हातारं माणूस आहे, गोळी चुकलीय त्यांची!"

मुलीचा चेहरा उतरला. "दर फेरीला बघते हो मी," ती म्हणाली. "घोरतात. बाहेर ऐकू येतं."

डबा हळूहळू खाली येत होता. पाळणा एवढा संथ, की खाली आल्यावरही थांबत नसे, लोक चालत्यातच चढत-उतरत. डबा समोर आला आणि बाबा दिसले. बूट काढून बाकाखाली नीट ठेवलेले, पाय समोरच्या बाकावर, डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. छाती सावकाश वर-खाली होत होती. ताईने ती बघितली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"थांबवू?" मुलीने बटणावर हात ठेवून विचारलं.

ताईने तोंड उघडलं, पण हो म्हणायच्या आत डबा समोरून सरकला आणि वर जायला लागला.

"अगं, का नाही थांबवलंस?" छोटी म्हणाली.

"माहीत नाही."

"माझ्या पायातलं त्राण गेलं इथे शोधून शोधून, आणि तू त्यांना पुन्हा वर पाठवलंस!"

"तूच बोलायचं होतंस मग. तुलाही तोंड आहे."

दोघी कठड्याला रेलून वर बघत राहिल्या. भिंगरी खाली बसली, बूट काढला आणि मोजा उलटा केला.

"त्यांना असं घोरताना मी वर्षभरात पाहिलं नाही," ताई म्हणाली. "माझ्याकडे तर दुपारी हूं की चूं न करता झोपतात."

"तुझ्याकडे पोरांच्या रांगेत झोपवतेस त्यांना."

"रांगेत नाही! शेजारच्या खोलीत. दार उघडं असतं, एवढंच."

"दार उघडं का असतं?"

"कारण बघायला लागतं, छोटे! तू तीन महिन्यांतून एकदा येतेस, त्यांना घेऊन फिरतेस, फोटो काढतेस आणि जातेस. बघावं मला लागतं."

छोटीने ओल्या केसांचा बुचडा सोडला, पिळला आणि पुन्हा बांधला.

पुढच्या फेरीला डबा उतरायला लागला तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी खाली बघितलं. कठड्याशी दोन्ही लेकी दिसल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला, की शाळा बुडवून नदीवर गेलेल्या पोराला समोर मास्तर दिसावेत. घाईघाईने त्यांनी पाय बुटात घातले. मग डबा समोर आल्यावर, दार उघडायच्या आत, त्यांनी काचेतून एक बोट वर केलं. अजून एकच फेरी.

"बाबा!" दोघी एकदम ओरडल्या. ते उतरले.

सावलीतल्या बाकावर बसवून ताईने आधी गोळी हातावर ठेवली, पाण्याची बाटली उघडून दिली. त्यांनी गोळी घेतली. मग ते स्वतःच म्हणाले, "खोटं बोललो. दोघींशी. ते चुकलं."

"फोनसुद्धा माझ्या पर्समध्ये टाकलात," ताई म्हणाली.

"हो. वाजला असता."

"वाजला असता?" छोटीला हसू की राग ते ठरवता येईना. "अहो बाबा, आम्ही इथे वेड्यासारख्या पळतोय! मी पुरुषांच्या बाथरूममध्ये हाका मारल्या."

"मला वाटलं, तुम्हाला कळायच्या आत परत येईन. दोघींना वाटेल, दुसरीबरोबर होते." त्यांनी ओठ दाबले, पण मिशीखालचं हसू ताईला दिसलंच. तिला मुळीच हसू आलं नाही.

"पण का?"

बाबांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "क्रेनच्या केबिनमध्ये डबा खाल्ला की मी मान मागे टाकायचो," ते म्हणाले. "खाली सगळी धावपळ, वर कुणी नाही. वर यायचं म्हणजे तेवढा जिना चढायला नको? तुमच्या आईला मी एकदा दाखवायला नेलं, तर ती अर्ध्यातून परत फिरली. ती झोप मला पुरायची. मग घरी आलो की मी तुमचा."

"माझ्याकडे तुम्हाला झोपायला मिळत नाही का?" ताई म्हणाली.

"मिळतं गं. तुझ्याकडे काही कमी नाही. पण दुपारी तू दारात बसतेस आणि बघतेस. मी डोळे मिटून पडतो, तू बघत असतेस ते मला कळतं. मग मीही झोपल्यासारखं पडून राहतो. कूस बदलावीशी वाटली तरी बदलत नाही, तू उठून येशील म्हणून. ड्युटीच की ती."

"बघ. मी म्हणतच होते," छोटी म्हणाली.

"तू गप्प बस," बाबा तिला म्हणाले. "तुझ्याबरोबर असलो की दर पाच मिनिटांनी 'मजा येतेय ना बाबा' याचं उत्तर द्यायला लागतं. तीही ड्युटीच."

छोटी ओली बाही पिळायला लागली.

ताई समोर बघत होती. पाण्यातल्या जहाजात माणसं चढत होती. "मी पोरांसारखं नाही बघत तुम्हाला," ती म्हणाली. "श्वास बघते. चालू आहे ना, ते. आई गेल्यापासून दुपार झाली की मला कशातच धड बसवत नाही. मधूनच उठून येते. तुमची छाती हलली की परत जाते. त्या दिवशी फोनचा आवाज बंद होता माझा."

बाबा तिच्याकडे वळले. या गोष्टीबद्दल ती आजवर एक अक्षरही बोलली नव्हती, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"मला वाटायचं तू मला पोर समजतेस," ते म्हणाले.

"तेही समजते थोडं," ताई म्हणाली आणि नाक पुसलं.

त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. छोटी उठली, दोन पावलं गेली, परत आली, पुन्हा बसली. शेवटी भिंगरीच म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी मला न्या ना वर."

"नको. मग बोलायला लागतं," आजोबा म्हणाले. ती फुरंगटली तेव्हा म्हणाले, "बरं, संध्याकाळी. दुपारी नाही."

त्या दिवशी पुढे फारसं काही झालं नाही. नवरा टिल्लूला घेऊन आला, तेव्हा बाप जागा होता आणि पोरगा खांद्यावर गाढ झोपलेला. "बाबा सापडले?" त्याने विचारलं, आणि बाबांनाच बाकावर बघून त्यांच्या शेजारी मटकन बसला. संध्याकाळी टिल्लू जेवायच्या टेबलावर हमसून हमसून रडला, चमचा खाली पडला म्हणून. छोटीने ताईकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी वाद घातला नाही. बाबांनी फोन खिशात ठेवला आणि तो खिशात असल्याचं दोघींना थोपटून दाखवलं. गोळी समोर घेतली. "येतो," म्हणाले आणि हात मागे बांधून एकटेच निघाले. ताईने त्यांना गर्दीत बदामी ठिपका होईस्तोवर बघितलं. त्यानंतरही ती काही वेळ तिकडेच बघत होती. हाक मारावी असं दोनदा मनात आलं.

भिंगरीच्या टाचेला फोड आला होता. छोटी तिच्यापुढे उकिडवी बसली, फोड बघितला आणि म्हणाली, "आम्ही जातो खोलीवर. टिल्लूलाही नेते. भावोजी येतातच आहेत झोपायला. तू थांब इथे."

"मी? मी काय करू इथे?"

"मला काय विचारतेस? बस कुठल्यातरी राईडमध्ये. ये संध्याकाळी."

"टिल्लू तुझ्याजवळ झोपणार नाही."

"नाही झोपला तर नाही झोपला, ताई!"

टिल्लू मावशीचं बोट धरून गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याने जाताना तिची पर्स स्वतःकडे घेतली, पाण्याची पिशवीही घेतली. फोन सोडला तर ताईच्या हातात काही उरलं नाही.

ती कारंज्याभोवती एक चक्कर मारून आली. बाकावर बसली, उठली. फोन बघितला. बाबांना लावावा असं वाटलं, तर बोट नावावर ठेवून मागे घेतलं. आकाशपाळणा दुरून दिसत होता, पण कुठल्या डब्यात कोण आहे ते इथून कळत नव्हतं. समोरून पिवळ्या टी-शर्टातल्या शाळेच्या पोरांची रांग गेली आणि तिने ती नकळत मोजायला घेतली. शेवटच्या पोरापर्यंत आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

जवळच एक रांग होती. कशाची ते तिला माहीत नव्हतं. ती जाऊन तिच्यात उभी राहिली. रांग पुढे सरकायची, थांबायची. तिने वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. आत कुठेतरी लोखंड खडखडत वर चढत होतं, मग थोडी शांतता, आणि मग एकदम माणसांचा आरडाओरडा.

"किती जण?" दाराशी उभ्या माणसाने विचारलं.

ताईने सवयीने मागे वळून बघितलं. मागे कुणी अनोळखी जोडपं होतं.

"एकच," ती म्हणाली.

त्याने तिला अगदी पुढच्या खुर्चीत बसवलं आणि लोखंडी दांडा तिच्या मांडीवर खाली ओढला. दांडा खटकन बसला. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. हे नक्की काय करतं, उलटं होतं की नुसतं पळतं, हे विचारायला हवं होतं असं तिच्या मनात आलं. तिने त्या माणसाला हाक मारली, पण तो मागच्या ओळीतले दांडे तपासत होता. तेवढ्यात खुर्चीखाली काहीतरी गुरगुरलं आणि गाडी हलली.